तिच्या दारात आधी तू पोच

पांडुरंगा, तू बारा वर्षं पैठणात चाकरी केलीस असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. श्रीखंड्या असं नाव सांगून एकनाथांच्या घरी राहिलास, खांद्यावर कावड घेऊन गोदावरीचं पाणी वाहिलंस, पूजेचं चंदन उगाळलंस. ते पाणी ज्यात ओतायचास तो रांजण नाथांच्या वाड्यात अजून आहे. नाथषष्ठीच्या दिवसांत माणसं त्यात घागरीने पाणी ओततात आणि तो भरून वाहिला की तू आलास असं मानतात. संभाजीनगरकडून पैठणला जाणारा रस्ता आमच्या बिडकीनवरूनच पुढे जातो. त्याच रस्त्याच्या कडेला उभी राहून मी तुला हाक मारते आहे. श्रीखंड्या होऊन पुन्हा ये, देवा. या खेपेला वाड्यात जाऊ नकोस. गावाच्या टोकाला पत्र्याची घरं आहेत, त्यातल्या शेवटच्या घरात जा. उद्या सकाळी तिथे दुसरंच कुणीतरी मदतीला म्हणून येणार आहे.

तुला काय सांगायचं, तू सगळं जाणतोस. पण मला हे मोठ्याने बोलायचं आहे, कारण आम्ही गावात ते कधी बोलत नाही. बायका-पोरी पळवणारा माणूस आम्ही सिनेमात पाहिलेला: काळी गाडी, तोंडाला रुमाल. खरा माणूस तसा येत नाही. पुष्कळदा तो पुरुषही नसतो. नात्यातली, ओळखीतली, शेजारच्या गावात दिलेली एखादी बाई असते. आम्ही तिला मावशी म्हणतो, काकू म्हणतो, चहा टाकतो. ती येते तेव्हा घराची सगळी कुंडली तिला पाठ असते. कुणाचा नवरा पिऊन मारतो, कुणाला टाकून दिलंय, कुणाचं नाव सासरच्यांनी रेशनकार्डावरून कमी केलंय, कापसाच्या भरवशावर घेतलेलं सावकाराचं कर्ज कुणाच्या बापाला फिटलेलं नाही, दहावी झालेली कुठली मुलगी एसटीच्या भाड्यापायी घरी बसलीय. हे सगळं ग्रामपंचायतीला ठाऊक असायला हवं होतं, शाळेला, अंगणवाडीला, आम्हा शेजाऱ्यांना ठाऊक असायला हवं होतं. आणि ठाऊक होतंही, देवा. आम्ही त्या माहितीचं काहीच केलं नाही. तिने केलं.

ती सुरुवातीला काही मागत नाही, उलट देते. आईच्या औषधाला पैसे देते, लेकराला बिस्किटाचा पुडा आणते, रडणाऱ्या बाईच्या पाठीवरून हात फिरवते. तो हात फिरणं खोटं असतं, पण पाठीला ते खरंच वाटतं, कारण कित्येक दिवसांत त्या पाठीवरून कुणी हात फिरवलेला नसतो. मग एक दिवस सहज बोलल्यासारखं निघतं: पुण्याला बंगल्यावर कामाला बाई पाहिजे, राहणं-खाणं त्यांचंच. मुंबईला पॅकिंगचं काम आहे. पार्लरचं शिकवतात, वर पगार देतात. तिकिटाचं मी बघते, तू सावकाश फेड. आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून: जाईपर्यंत कुणाला बोलू नको बाई, चांगल्या कामाला लोकांची नजर लागते.

पांडुरंगा, माझी पहिली मागणी इथेच आहे. कुणाला सांगू नको, हे शब्द ज्या बाईच्या कानावर पडतील, तिच्या मनात त्याच क्षणी शंका घाल. तिला उठून शेजारणीकडे जाऊ दे. आणि शेजारणीला त्या वेळी घरी ठेव, हातातलं काम बाजूला सारून ऐकण्याइतकी सवड तिला दे. कारण त्या एका गुपितापुढे सगळं भराभर घडत जातं. रात्रीची गाडी, मध्येच उतरून दुसरी गाडी. आधार कार्ड ‘मालकाकडे जमा करायचंय’ म्हणून काढून घेतलेलं. फोनमधलं सिम बदललेलं. पोचल्यावर नवं नाव, आणि त्या नावावर हिशेब: तिकिटाचे इतके, जेवणाचे इतके, खोलीचे, कपड्यांचे, मधल्या माणसाच्या दलालीचे इतके. वही त्यांच्याकडे, आकडे त्यांचे. फेडल्याशिवाय जाता येणार नाही आणि ते कधी फिटणार नाही. पळालीस तर गावात फोटो पाठवू, एवढं ऐकवलं की दाराला कुलूपही लागत नाही.

तरुण पोरींसाठी दुसरी वाट आहे. तिथे मावशी नसते, फोनवर ओळख झालेला एक मुलगा असतो आणि तो रोज रात्री विचारतो, जेवलीस का. पळून जाऊन देवळात लग्न करू म्हणतो. ज्या पोरीला घरात दिवसभर फक्त कामं सांगितली गेली, तिने त्या प्रश्नावर जीव टाकला तर तिला मूर्ख म्हणायला माझी जीभ वळत नाही. तिसरी वाट विमानाची. आखातात घरकामाला नेतो म्हणत पर्यटक व्हिसावर पाठवतात, तिथे पासपोर्ट मालकाच्या कपाटात जातो. परदेशात कामगार पाठवणाऱ्या दलालाची सरकारदरबारी नोंदणी असावी लागते, १९८३ सालापासून तसा कायदाच आहे. पासपोर्टवर अंगठा ठेवायच्या आधी ती नोंदणी तपासून पाहणारं एखादं शिकलेलं पोर त्या घराजवळ असू दे.

आता आमच्या गावाचं ऐक. बिडकीनला औद्योगिक वसाहत आली आहे, ७,८५५ एकरांची. २९ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांनी तिचं लोकार्पण केलं. मोटारींचे, विजेवर चालणाऱ्या गाड्यांचे मोठमोठे कारखाने इथे येणार म्हणतात. येऊ देत, आमच्या पोरांना काम मिळू दे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्याची जमीन होती त्याला मावेजा मिळाला. त्या जमिनीत खुरपायला, कापूस वेचायला जाणाऱ्या बाईचं नाव सातबाऱ्यावर कधी नव्हतं, म्हणून मावेजाच्या यादीतही नव्हतं. तिचा रोज बुडाला तो कुठल्याच कागदावर बुडाला नाही. आणि दुसरीकडून, जिथे काम निघेल तिथे परमुलखातल्या बायका ठेकेदारामागे येऊन उतरतात. त्यांना इथली भाषा नीट येत नाही, ठाणं कुठे ते माहीत नाही, ठेकेदाराशिवाय एकही माणूस ओळखीचा नाही. गावातून बाहेर ढकललेली आणि बाहेरून गावात आलेली, या दोघी एकाच रस्त्यावर उभ्या आहेत, आणि गाडी थांबवून ‘काम पाहिजे का’ विचारणारा दोघींनाही तेच विचारतो.

देवा, ८ मे २०२० ची पहाट तू विसरला नसशील. आमच्याच जिल्ह्यात, करमाडजवळ, रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारी माणसं, करोनाच्या टाळेबंदीत काम सुटलं म्हणून चालत निघालेली, मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांत घरं असलेली. रुळांवर विखुरलेल्या पोळ्या साऱ्या देशाने पाहिल्या. त्यांच्या घरच्यांच्या दारात त्यानंतर कोण कोण गेलं, मदत म्हणून काय काय सांगितलं, ते आम्ही कधी विचारलं नाही. परक्या मुलखात मेलेल्या मजुराच्या बायकोला सांभाळ, विठ्ठला. दलालांना तिचा पत्ता सगळ्यात आधी लागतो.

आणि उसाचं. दसरा-दिवाळी झाली की मराठवाड्यातून लाखो माणसं फडावर निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. बीडची सगळ्यात जास्त, पण आमच्या पैठण तालुक्यातूनही ट्रॅक्टर भरून जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल मुकादम देतो ती नवऱ्याच्या हातात. अंगठा त्याचा, पण फेड दोघांच्या अंगातून. तिने पहाटे चारला उठून कोपीत भाकरी थापायच्या, दिवसभर मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या, रात्री-अपरात्री गाडी भरायची. एक दिवस आजारी पडली की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. खाडा पडू नये म्हणून बायकांनी पिशव्या काढून टाकल्या, देवा. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे बीड जिल्ह्याचा हिशेब आला: तपासणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली. मी हा आकडा तुझ्या पायाशी ठेवते आहे. त्यातल्या प्रत्येकीला कुणीतरी सांगितलं असेल की यात तुझंच भलं आहे.

लोक मला म्हणतात, ऊसतोडीला माणसांचा बाजार म्हणू नकोस, ही राजीखुशीची मजुरी आहे. मला राजी कळत नाही आणि खुशी तर मुळीच दिसत नाही. १९८२ साली, दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की भुकेपोटी माणूस किमान वेतनाहून कमी पैशांत राबायला तयार झाला, तर तीही वेठच. राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमाने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार दोन्ही एकाच ओळीत बंद केले. ज्यांनी ते लिहिलं त्यांना ही दोन्ही दुखणी एकमेकांना चिकटलेली दिसली होती. आम्हाला दिसत नाहीत. फडावर निघालेल्या टोळीत बारा-तेरा वर्षांची पोर मागे कुठे ठेवायची या भीतीने आईबाप तिचं लग्न उरकतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात अठराच्या आत लग्न झालेल्या मुली शंभरात बावीसच्या घरात होत्या, बीडमध्ये त्रेचाळीसच्या वर आणि परभणीत अठ्ठेचाळीस. चौदाव्या वर्षी जिला एकाच्या स्वाधीन केलं, तिला विसाव्या वर्षी दुसरा कुणी घेऊन गेला तर ‘नाही’ म्हणायला ती शिकलीच कुठे?

ज्या मुली आम्ही जन्मू दिल्या नाहीत त्यांचाही हिशेब यातच आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली ८०७ भरल्या. हरियाणा, राजस्थानात असं किती वर्षांपासून चाललंय. त्या रिकाम्या जागा कुठून तरी भरायच्या असतात. मग हुंडा नको, लग्नाचा खर्च मुलाकडचे करतील, वर तुम्हालाच काही देतील, असं स्थळ घेऊन मध्यस्थ येतो आणि तीन-चार लेकींचा बाप त्याच्या पाया पडतो. त्या बापाला शिव्या द्यायच्या आधी मला त्याच्या ओसरीवर घटकाभर बसव, देवा. पण त्या लेकीला परमुलखात, जिथे तिची भाषा समजणारं एकही माणूस नाही, तिथे एकटीला सोडू नकोस.

कान्होपात्रेची आठवण तुला मी करून द्यावी? मंगळवेढ्याची ती, शामा गणिकेची लेक. बिदरच्या बादशहाची माणसं तिला न्यायला आली तेव्हा तिने तुझं एकदा दर्शन मागितलं आणि तुझ्या पायांवरच प्राण सोडला. तुझ्या देवळाच्या आवारात तिच्या नावाचं तरटीचं झाड आजही दाखवतात. वारकरी त्या झाडाला हात जोडतात, मीही जोडले आहेत. पण आज रागाने नाही, कळवळून मागते: पुढच्या कान्होपात्रेला मरण देऊन सोडवू नकोस. तिला जिवंत सोडव. तिचं शरीर तिच्याच मालकीचं ठेवून तिला बाहेर आण, तिला म्हातारी होऊ दे, तिच्या नातवंडांना तुझ्या वारीला येऊ दे.

२०१९ ते २०२१ या तीन वर्षांत महाराष्ट्रातून १,७८,४०० बायका आणि १३,०३३ मुली बेपत्ता झाल्याची नोंद आहे, संसदेत सांगितलेली. त्या सगळ्या विकल्या गेल्या असं नाही. कितीतरी परत आल्या असतील, कितीतरी आपल्या मनाने, आपल्या सुखासाठी गेल्या असतील. त्यांना सुखी ठेव. बाईने गाव सोडून कामाला जाणं हे मुळीच वाईट नाही. तिची वाट आम्ही भीतीने बंद करू लागलो तर त्यासारखं पाप नाही, आणि दलालाला तर बंद वाटाच हव्या असतात. राहिलेल्यांचं मी मागते आहे. ज्यांची तक्रार लिहून घेताना ‘गेली असेल कुणाबरोबर’ असं आधी बोललं गेलं आणि मग कागद पुढे ओढला गेला, त्यांचं.

‘स्वतःहून गेली’ हे आमच्या तोंडचं वाक्य आहे, विठ्ठला, आणि ते आम्ही निकाल दिल्यासारखं बोलतो. कायदा तसं म्हणत नाही. २०१३ साली दंडसंहितेचं ३७० वं कलम बदललं, १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेचं १४३ वं झालं. त्यात लिहिलंय की फसवून, धाक घालून, आमिष दाखवून नेलेल्या माणसाने होकार दिला होता का, हे पाहायचंच नाही. होकार कसा काढून घेतला ते पाहायचं. एवढी माया कायद्याच्या पुस्तकात आहे. ती आमच्या पारावर येऊ दे, ठाण्यातल्या टेबलावर येऊ दे, तिच्या सख्ख्या भावाच्या मनात येऊ दे.

ज्यांनी वाट पाहिली नाही, त्यांच्यासाठी तुझे आभार मानते. १९८६ साली कामाठीपुऱ्यात प्रीती पाटकर यांनी ‘प्रेरणा’ सुरू केली, आईचा धंदा चालू असताना लेकरांना रात्रीचं निजायला सुरक्षित जागा दिली. १९८९ साली अहमदनगरला गिरीश कुलकर्णी यांनी ‘स्नेहालय’ उभं केलं. आमच्या नाथांनी गोदेच्या वाळवंटात तापलेल्या वाळूवर रडणारं पोर उचललं तेव्हा त्याची जात विचारली नाही, कडेवर घेतलं आणि त्याच्या घरी पोचवलं. नाथांची गोष्ट आम्ही कीर्तनात ऐकतो आणि डोळे पुसतो. या दोघांना मात्र वाळूत उतरावंसं वाटलं. त्यांच्या अंगात बळ राहू दे, त्यांच्या संस्थांच्या चुली चालू राहू देत.

आता सगळ्यात अवघड मागणी. त्या मावशीसाठी मागते. तीही कधीतरी अशाच रात्रीच्या गाडीत बसली असेल. तिचंही कर्ज असेल, आणि एक पोरगी आणून दिलीस तर तुझं फिटलं, असं तिला कुणीतरी सांगितलं असेल. तिला शिक्षा होऊ दे, ती टळावी असं मी म्हणणार नाही. पण तिच्यावर थांबू नकोस. तिच्या मागे जो गाडी पाठवतो, त्याच्या मागे जो खोली भाड्याने देतो, आणि त्या सगळ्यांच्या मागे जो पैसे मोजून त्या खोलीत जातो, त्या गिऱ्हाईकापर्यंत जा. तो आमच्यातलाच कुणीतरी आहे. कुणाचा नवरा, कुणाचा मुलगा. दर एकादशीला उपास करणाराही असेल. त्याची झोप उडव.

आणि आमच्या हातून काय व्हावं ते मागते. १९७२ च्या दुष्काळातून या राज्याने रोजगार हमी उभी केली, १९७७ साली तिचा कायदा केला. मुकादमाची उचल घरात यायच्या आधी त्या बाईला गावातच काम मागता येऊ दे, मागितल्यावर मिळू दे, आणि मजुरी तिच्याच खात्यात पडू दे. टाकलेल्या बाईचं रेशनकार्ड वेगळं होऊ दे. शाळेतून अचानक बंद झालेल्या मुलीच्या घरी गुरुजींचे पाय त्याच आठवड्यात वळू देत. १८१, ११२, १०९८ हे मदतीच्या फोनचे तीन आकडे तुझ्या नामासारखे आमच्या लेकींच्या तोंडी बसू देत. परमुलखातून आलेल्या मजूर बाईशी आठवडी बाजारात कुणीतरी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलू दे, तिचं नाव, तिचं गाव, तिचा मालक कोण ते विचारू दे. ती उद्या दिसली नाही तर ‘ती कुठे गेली’ असं विचारणारं एक तरी माणूस या गावात असू दे.

आणि जी परत येईल तिच्यासाठी. दोन वर्षांनी येईल, दहा वर्षांनी येईल, कडेवर लेकरू घेऊन येईल, आजार घेऊन येईल. आमच्या तोंडाला त्या दिवशी कुलूप घाल. तिने सांगितलं तर ऐकू, नाही सांगितलं तर विचारणार नाही, एवढी अक्कल दे. खटला उभा राहील तेव्हा वर्षं जातील, तारखा पडतील, समोरचा वकील तिला भर कोर्टात नको ते विचारेल आणि नेणारी माणसं मागच्या बाकावर बसून तिच्याकडे बघत राहतील. तिच्या बाजूच्या बाकावरही कुणी असायला हवं. पांडुरंगा, नवस बोलायचाच तर हा बोलते: तिची साक्ष असेल त्या दिवशी मी त्या बाकावर बसेन, गावातल्या आणखी चौघींना सोबत घेऊन. आणि तारीख पुढे ढकलली गेली तर पुढच्या तारखेलाही.